पाठ आणि कडी

तोडणकर सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या ऑफिसातल्या लोखंडी पलंगावर डोळे मिटून आडव्या होत्या आणि दोन मुली त्यांना कुशीवर वळवायच्या खटपटीत होत्या. साडी पावलांपर्यंत नीट ओढलेली, चष्मा खिडकीत काढून ठेवलेला. एकीने त्यांचा खांदा धरला, दुसरीने गुडघा, आणि दोघींनी एकदम ओढलं. सिस्टर डोळे न उघडताच म्हणाल्या, "मला कुठं नेताय ते आधी सांगितलंत काय?"

मुली हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्या परत उताण्या झाल्या आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

पेशंटची सेवा करायला घरोघरी मुली पाठवणाऱ्या नाचणे रोडवरच्या एका ब्युरोत मी नुकतीच लागले होते. फोन घ्यायचे, कुणाच्या घरी कोण गेलंय ते ध्यानात ठेवायचं, एखादी रजेवर गेली तर बदली शोधायची, हे माझं काम. रत्नागिरीत अशा ब्युरोंना तेव्हा बरे दिवस आले होते. मुलं मुंबईला, पुण्याला, कुणाची त्याहून लांब. इकडे घर ऐसपैस, आवारात माड आणि कलमं, आणि आतल्या खोलीत पलंगावर एक म्हातारं माणूस. 'ब्युरोतून बाई ठेवलीय' असं सांगताना पूर्वी लोकांना थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं. आता ते सुटल्यासारखं सांगतात.

आमचे मालक संदेश सुर्वे. आधी मुंबईत एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते, मग गावी येऊन अँब्युलन्स चालवली आणि त्यातून हा ब्युरो काढला. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलं तर कुणी सापडत नाही. सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. भाऊ-भावजय पूर्णगडला, आणि त्या इथे एका खोलीत. संदेशनी त्यांना गळ घालून आणलं. संदेशना पाटीवर 'प्रशिक्षित' हा शब्द हवा होता. सिस्टरना तो खरा हवा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सुरुवातीला कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सिस्टर अंगाने बारीक, रंगाने काळ्या, चालणं भरभर. बोलणं मात्र सावकाश, प्रत्येक शब्द खाली ठेवून मग पुढचा उचलावा तसं. आठवडाभर त्या मासे खात नसत. पूर्णगडचं माणूस आणि मासे खात नाही याचं मला नवल वाटायचं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, हाताला वास राहतो, आणि ज्याला अन्नावरची वासना राहिलेली नाही त्याच्या तोंडाजवळ तो हात न्यायचा असतो. रविवारी मात्र मांडवीला जाऊन स्वतः निवडून मासे आणत आणि दुपारभर दार लावून घेत. रविवारी त्यांना फोन केलेला आवडत नसे.

त्यांच्या शिकवण्यात पुस्तकी काही नव्हतं. मुली लांजा, संगमेश्वर, राजापूरकडच्या खेड्यांतून आलेल्या, कुणी बारावी, कुणी त्याच्याही आधी शाळा सोडलेली. सिस्टर त्यांना आळीपाळीने पेशंट करत. "तू आता पेशंट. बोलायचं नाय, हात हलवायचा नाय." मग तिला तशीच ठेवून बाकीच्यांशी गप्पा मारत बसत. तिच्या उशाशीच चहा पीत. तिच्याविषयी, ती तिथे नसल्यासारखं बोलत: ही जाडी आहे, हिला उचलायला दोघी लागतील, हिच्या घरचे हिला बघायला येत नाहीत. सुरुवातीला खुसुखुसु चालायचं. थोड्या वेळाने पलंगावरची मुलगी हसायची थांबायची. एक तर रडायलाच लागली. सिस्टरनी तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता तुला कळलं. आता तू जा कामाला."

हात लावायच्या आधी सांगायचं, हा त्यांचा पहिला नियम. पेशंट शुद्धीवर नसला तरी सांगायचं. "आजोबा, आता मी तुम्हाला डाव्या कुशीवर घेते." ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कुणाला हळदीकुंकू लावतानाही त्या "लावते हं" म्हणत.

महिन्यातून निदान एकदा त्या प्रत्येक घरी जात. रिक्षाने, नाहीतर एसटीने. घरात शिरल्या की यजमानीणबाई चहाचं विचारायच्या, आणि सिस्टरांचं उत्तर ठरलेलं: "आधी पाठ, मग चहा." पेशंटला कुशीवर वळवून पाठ, कंबर, टाचा बघायच्या. कुठे लाली आलीय का, कातडं ओलं राहिलंय का. खोलीत उदबत्तीचा किंवा पावडरीचा वास दरवळत असला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. वास लपवावा लागतोय म्हणजे खाली काहीतरी आहे, असं त्या रिक्षात बसल्यावर मला सांगत. पाठ ठीक निघाली तर चहा. नसली तर चहा न घेताच तिथे बसून मुलीला पुन्हा सगळं करून दाखवत, आणि घरच्यांनाही उभं करत.

आणि दुसरी गोष्ट बघत ती कडी. आमची मुलगी त्या घरात रात्री कुठे झोपते, त्या दाराला आतून कडी आहे का, ती लागते का. स्वतः आत जाऊन लावून बघत. घरचे लोक बावचळत. एका साहेबांनी तोंडावर विचारलं, आमच्यावर संशय घेता का? सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पेशंटची मी पाठ बघितली, तेव्हा आमच्या मुलीवर संशय घेतला काय? दोन्ही बघायचं असतं."

पाठ आणि कडी. संदेश सुरुवातीला लोकांना हे कौतुकाने सांगायचे.

पहिला तडा कुठे गेला ते सांगते. कुवारबावला एक निवृत्त मास्तर होते. डोक्यात रक्त साकळून त्यांचं भान गेलं होतं, आणि नाकातून घातलेली जेवणाची नळी ते सारखी ओढून काढायचे. सिस्टर गेल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्याला जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधलेले होते. मनगटं सुजलेली. आमची मुलगी म्हणाली, मी नाही, वहिनींनी बांधले. वहिनी म्हणजे मास्तरांची सून, एका शाळेत कारकून. तिने काही लपवलं नाही. नळी काढली की दवाखान्यात न्यावं लागतं, ती परत घालताना ते ओरडतात ते बघवत नाही, आणि रोज रजा कुठून काढू, असं तिने उभ्या उभ्या सांगितलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली.

सिस्टरनी पट्ट्या सोडल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि मास्तरांचे हात आपल्या हातात घेतले. हात नळीकडे गेला की तो अडवायचा नाही, त्याच्याबरोबर जायचं आणि हळूच दुसरीकडे वळवायचा. मग त्यांच्या मुठीत एक गुंडाळलेला टॉवेल दिला. मास्तर तो उलगडत आणि गुंडाळत राहिले. दुपार अशीच गेली, नळी जागच्या जागी. सून दारात उभी राहून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही बसलात म्हणून. उद्यापासून कोण बसणार?"

सिस्टरनी संदेशना सांगितलं की तिथे दिवसाला दोन मुली लागतील, नाहीतर आपली मुलगी तिथे ठेवायची नाही. दोन मुली त्या घराला परवडणाऱ्या नव्हत्या. आम्ही मुलगी काढून घेतली. चार दिवसांत त्यांनी दुसऱ्या ब्युरोची बाई आणली. सिस्टर न राहवून एकदा आपणहून गेल्या. सुनेने दार अर्धवट उघडलं, आत बोलावलं नाही, पण खिडकीतून पलंग दिसत होता. हात पुन्हा बांधलेले होते. या वेळी बाजारातल्या जाड नायलॉनच्या पट्ट्यांनी.

 परत येताना साळवी स्टॉपला उतरल्यावर सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आपण होतो तेव्हा निदान साडी मऊ होती."

त्यानंतर रुपालीचं झालं. रुपाली सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेली सगळ्यांत चांगली मुलगी, लांज्याच्या बाजूची. तिचा हात इतका हलका की पेशंट तिचं नाव घेत. ती एका बंगल्यात चोवीस तासांच्या कामावर होती. कडी होती, सिस्टरनी स्वतः लावून बघितलेली. पण त्या घरचा मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्या दाराला रंग द्यायचा म्हणून कडी काढली, आणि परत बसवायची राहिली. रुपालीने मला फोन केला आणि काही सांगितलं नाही, नुसतं "सिस्टरना पाठवा" म्हणाली. सिस्टर तशाच उठल्या, मलाही बरोबर घेतलं. बंगल्यावर त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. दाराच्या चौकटीवर कडीची भोकं तेवढी उरली होती, त्यांवरून बोट फिरवलं. रुपालीला म्हणाल्या, "पिशवी भर." मग आजींजवळ जाऊन, मुलगी घेऊन जातेय आणि संध्याकाळपर्यंत दुसरं कुणीतरी येईल, असं त्यांना सांगितलं. आजींना ऐकू येत नव्हतं. तरी सांगितलं.

आपण योग्य केलं याबद्दल तेव्हा आम्हाला शंका नव्हती. पण गोष्ट रुपालीच्या गावी पोचली, आणि पोचताना तिचं रूप बदललं. तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. सिस्टरनी त्यांना ऑफिसात बसवून पुन्हा पुन्हा सांगितलं की मुलीचं काहीच चुकलेलं नाही, उलट ती वेळेवर बोलली. ते मान हलवत होते. "तुमचं खरं हाय सिस्टर," ते म्हणाले, "पर आमाला गावात ऱ्हायाचं हाय." शिमग्याच्या आधी रुपालीचं लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

तो शिमगाच पुढे सगळ्याचा शेवट ठरला. कोकणात शिमग्याला मुली थांबत नाहीत. पालखी दारात येणार, आणि लेक कुणाच्या तरी म्हाताऱ्याचं अंथरूण बदलत बसणार, हे कुठलं घर ऐकून घेईल? सिस्टरना हे माहीत होतं. त्यांनी आधीच घराघरांतून सांगून ठेवलं होतं की या दिवसांत नातेवाइकांनी स्वतः बघायचं, कसं बघायचं ते आम्ही शिकवू. काहींनी ऐकलं. काहींच्या बागेत आंब्याची तोड सुरू झाली होती.

लिमये त्यांपैकी. पावसच्या वाटेवर त्यांची बाग. आजींना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. एक बाजू लुळी, गिळायला त्रास. सिस्टरनी तिथल्या मुलीकडून पाठ करून घेतलं होतं: उशा लावून सरळ बसवायचं, हनुवटी खाली, छोटा चमचा, आधीचा घास गेला याची खात्री करून मगच पुढचा. ठसका लागला तर थांबायचं, पाणी अजिबात द्यायचं नाही. ती मुलगी शिमग्याला गावी गेली. आदल्याच दिवशी आमच्याकडे एक नवीन पोर आली होती, मनाली नावाची. सिस्टर तिला शिमग्यानंतर शिकवणार होत्या. पण सिस्टरही पालखीसाठी पूर्णगडला गेल्या, भावाने फार आग्रह केला म्हणून. लिमयांचा फोन आला की कुणीतरी पाठवाच, आमचे हात पेट्या भरण्यात अडकलेत. संदेशनी मनालीला पाठवलं.

तिने आजींना मऊ भात भरवला. आडवं ठेवूनच, डोक्याखाली एक उशी. दुपारच्या आत सगळं आटपलं होतं. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले. वय झालं होतं, आजार होता, कुणाला वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं. शेजारपाजारचे म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या. लिमयांनी मनालीला रिक्षाचे पैसे देऊन ऑफिसात परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. मनाली कोपऱ्यात बसलेली होती. सिस्टरनी तिला रागावून काही विचारलं नाही, तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि काय काय झालं ते सांगायला सांगितलं. तिनेही सरळ सांगितलं. "आजी ठसकल्या, म्हनून मी पानी दिलं. ठसका लागल्यावर पानीच देतात ना?"

सिस्टरनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "देतात. पण यांना द्यायचं नव्हतं."

मनालीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली वगैरे नाही, नुसती उठली आणि चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायातच होत्या. ती गेली ती परत आली नाही. पुढे कळलं की ती गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते. सिस्टर एकदा तिथे जाऊन आल्या. ती बाहेर आली नाही.

खरी कसोटी त्यानंतर लागली. सिस्टरांचं म्हणणं, लिमयांना सांगितलं पाहिजे. संदेश अगदी काकुळतीला आले. सांगून आजी परत येणार आहेत का, उद्या पोलीस आले तर ब्युरो बंद होईल, या सगळ्या मुली कुठे जातील, आणि मनालीचं काय होईल. त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पेशंटला हात लावायच्या आधी सांगायचं असं आपण शिकवतो, आणि पेशंट गेल्यावर का गेला ते सांगायचं नाही, हे मला जमणार नाही.

तेरावं झाल्यावर आम्ही गेलो. मला संदेशनी बरोबर पाठवलं होतं, सिस्टरना जमेल तेवढं आवरायला. मी त्यांना काय आवरणार होते?

लिमये साधारण पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, बोलायला मऊ. पुढच्या पडवीत पेंढा पसरलेला होता आणि रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. त्यांच्या बायकोने पाणी आणलं. लिमयेच आमचे आभार मानायला लागले, तुमच्या मुलींनी आईचं फार केलं, शेवटी ती शांतपणे गेली याचंच समाधान. सिस्टरनी त्यांना बोलू दिलं. मग आपल्या त्या सावकाश आवाजात सगळं सांगितलं. आडवं भरवलं, ठसका लागला, पाणी दिलं, ते छातीत गेलं. मुलीला शिकवलेलं नव्हतं. शिकवायची जबाबदारी माझी होती आणि मी इथे नव्हते. तक्रार करायची असेल तर माझ्या नावाने करा, मी नाही म्हणणार नाही.

 लिमयांच्या हातात पेंढ्याची एक काडी होती, तिचे ते तुकडे करत होते. मी मनाची तयारी केली होती की आता ते चिडतील, आवाज चढवतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"मी इथंच बसलो होतो," ते म्हणाले. "पेट्या भरत. ठसका मला ऐकू आला होता."



"म्हटलं, बाई आहे आत. बघेल ती." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. ते दार पडवीपासून चार पावलांवर होतं. "हे तुम्ही मला कशाला सांगितलंत, सिस्टर?"

 लिमयांच्या बायकोने आमच्यापुढचे पेले उचलले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "या आता तुम्ही."

त्यांनी कुठेही तक्रार केली नाही. ब्युरोला काही झालं नाही. नंतर एकदा त्यांच्याकडे आधी कामाला असलेल्या आमच्या मुलीकडून कळलं की लिमये आता पडवीत बसत नाहीत. पेट्या भरायचं काम बागेतल्या मांगरात, तिथल्या खोपट्यात, नेलं, आणि घरात कुणी खोकलं तरी ते ताडकन उठतात.

परतीच्या रिक्षात सिस्टरनी मला विचारलं, "वर्षा, मी बरोबर केलं काय गं?"

त्यांनी कधी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.  

त्यानंतर काही दिवस सिस्टरनी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांना एवढंच हवं होतं, की घरी बाई पाठवणाऱ्या ब्युरोंवर कुणाची तरी नजर असावी. न शिकवलेली मुलगी पेशंटजवळ जाता कामा नये, आणि मुलीला सुरक्षित जागा नसेल त्या घरात मुलगी जाता कामा नये. तेवढंच. एका ठिकाणी सांगितलं, आम्ही दवाखाने बघतो, हे दवाखान्यात येत नाही. दुसरीकडे म्हणाले, दुकानाचा परवाना आहे ना, मग झालं. तिसरीकडे म्हणाले, कामगारांचं असेल तर मुलींनी स्वतः अर्ज करायला हवा. कुणीही उद्धट वागलं नाही. सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात डोकवायला माणूस येतो, मग जिथे माणसाच्या तोंडात घास घालतात तिथे का नको, असं सिस्टरनी एका अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं पटतं मला. पण घरात काय चालतं ते घराचं असतं. तिथं आम्ही कसे शिरणार?"

मग दारापर्यंत पोचवायला येऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं की आपल्या वडिलांसाठी एखादी बाई मिळेल का, आधीची सोडून गेलीय. सिस्टरनी सांगितलं की आधी घर बघावं लागेल आणि मुलगी तयार करायला थोडा वेळ लागेल. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, आम्हाला जरा लवकर हवी होती.

संदेशनी सिस्टरना कधी काढलं नाही. त्यांनी फक्त वेळ ठेवला नाही. मुली सकाळी यायच्या आणि दुपारी कामावर जायच्या. शिकवायचं कधी, तर सवडीने. घरभेटीही मागे पडल्या, लोकांना आवडत नाही म्हणून. ऑफिसातला लोखंडी पलंग एका पेशंटच्या घरी भाड्याने गेला आणि त्या जागी फोनसाठी दुसरं टेबल आलं. सिस्टर काही दिवस रोजच्या वेळेला येऊन बाकावर बसत. मग एके दिवशी खोली सोडून पूर्णगडला निघून गेल्या. पाटीवरचा 'प्रशिक्षित' शब्द तसाच राहिला.

मीही पुढे ते काम सोडलं. सिस्टरना भेटायला जायचं जायचं म्हणून राहत होतं, ते गेल्या वर्षी जमलं. भावाच्या घरामागे त्यांना एक वेगळी खोली होती. केस सगळे पांढरे झालेले, चालणं मंदावलेलं. त्यांनी मला आंबोळ्या करून घातल्या. ब्युरोचं त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही की आता शहरात तसे कितीतरी झालेत, आणि संदेशनी चिपळूणलाही शाखा काढलीय. आम्ही आमच्या गुडघ्यांबद्दल बोललो, भाचीच्या परीक्षेबद्दल, खाडीत मिळेनाशा झालेल्या कालवांबद्दल. दोनदा मला वाटलं, त्या लिमयांचं काही बोलणार. त्या उठून मागचं दार लावायला गेल्या.

दुपार कलल्यावर त्या मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला निघाल्या. गडाखालून खाडीच्या कडेने एकच अरुंद वाट आहे, दोन्हीकडे घरं. एका घराच्या ओटीवर बाजेवर एक म्हातारा पडलेला होता. तोंड अर्धवट उघडं, अंगावर गोधडी, चेहऱ्यावर माशा. त्याची सून अंगणात जाळं उन्हात घालत होती. सिस्टरना बघून ती पुढे आली.

"सिस्टर, जरा बघता काय? मामंजी सकाळधरून काय खाईनात. घशातून उतरत नाय."

सिस्टर थांबल्या. माझा दंड त्यांनी धरलेला होता, ती पकड एकदम घट्ट झाली. त्यांनी ओटीकडे पाहिलं नाही. त्या समोर वाटेकडे बघत होत्या.

"डॉक्टरकडं न्या," त्या म्हणाल्या.

"न्यायचं हायच. पर तवर तुमी नुसतं..."

"मी आता नाय बघत," सिस्टर म्हणाल्या, आणि मला जवळजवळ ओढतच पुढे निघाल्या.

 थांब्यावर पोचलो तेव्हा त्यांना धाप लागली होती. गाडी आली तेव्हा त्यांनी माझ्या हातात काजूगरांची पुडी दिली आणि नीट बस, खिडकीत हात ठेवू नको, एवढं सांगितलं. मी चढले, मागच्या खिडकीशी बसले.

गाडी सुटली. सिस्टर थांब्यावर उभ्याच होत्या. मला वाटलं, मी दिसेनाशी होईपर्यंत थांबल्यात, म्हणून मी हात केला. पण त्या गाडीकडे बघत नव्हत्या. आम्ही आलो त्या वाटेकडे तोंड करून उभ्या होत्या, पदर दोन्ही हातांनी आवळून, आणि पाऊल उचलत नव्हत्या. घरी जायला दुसरी वाट नव्हती. वळण येईपर्यंत मी बघत होते, आणि वळणापर्यंत तरी त्या तिथेच उभ्या होत्या.